दुभाष्याला परवाना कोणाचा?

वॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘स्टीम फ्रेम’ या उपकरणाची घोषणा केली. डोळ्यांवर चढवून आभासी वास्तवातील खेळ खेळावयाचे हे साधन आहे. त्याविषयी जी चर्चा झाली ती मुख्यतः भिंगे, वजन आणि किंमत यांभोवती फिरली. उपकरणाच्या पोटात काय दडले आहे याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. आतली ऑपरेटिंग सिस्टीम लिनक्स, म्हणजे कोणाही एका कंपनीच्या मालकीची नसलेली. प्रोसेसर मोबाइल फोनमध्ये असतो त्या एआरएम जातीचा. आणि त्यावर चालावयाचे खेळ मात्र बहुतांशी मायक्रोसॉफ्टच्या विंडोजसाठी व इंटेलच्या जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले, तर काही गूगलच्या अँड्रॉइडसाठी लिहिलेले. यजमान एका भाषेचा आणि पाहुणे भलत्याच भाषांचे, असा हा प्रकार आहे. तरीही पंगत पार पडते, कारण मध्ये दुभाषे उभे आहेत.

या उपकरणाची विक्री किती होईल हा प्रश्न गौण आहे. खरा प्रश्न या दुभाष्यांचा. त्यांना कोण पोसतो, त्यांच्यामुळे कोणाची मक्तेदारी ढिली होते, आणि त्यांना दाराबाहेर ठेवण्याचे कोणते नवे उपाय योजले जात आहेत, हे पाहणे अर्थशास्त्राच्या दृष्टीने उद्बोधक आहे. मोबाइल हाच ज्यांचा एकमेव संगणक आहे अशी कोट्यवधी माणसे ज्या देशात राहतात, त्या देशाला तर ते पाहणे भागच आहे.

कोणतेही सॉफ्टवेअर एकटे चालत नाही. फाइल उघडणे, पडद्यावर आकृती काढणे, ध्वनी उमटविणे अशा प्रत्येक कामासाठी ते ऑपरेटिंग सिस्टीमकडे ठरावीक नावाने मागणी करते. या मागण्यांची नावे व रीती म्हणजे एपीआय. ‘वाइन’ हा दुभाषा विंडोजच्या नावाने आलेल्या मागण्या ऐकतो आणि त्या लिनक्सकडून पुऱ्या करून घेतो. हे करणारी त्याची आज्ञावली सर्वस्वी स्वतंत्रपणे लिहिलेली असते. ‘डीएक्सव्हीके’ हा मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्ट-थ्रीडी या चित्रणपद्धतीतील आज्ञा व्हल्कन या खुल्या पद्धतीत उतरवितो. ‘फेक्स’ त्याहून खालच्या पातळीवर, थेट प्रोसेसरच्या आज्ञांचे भाषांतर करतो. अँड्रॉइडची गोष्ट थोडी निराळी. अँड्रॉइडचा गाभा मुळात लिनक्सचाच. तेव्हा ही दोन बिऱ्हाडे एकाच वाड्यातील आहेत. २०२१ मध्ये पुढे आलेले ‘वेड्रॉइड’ लिनक्समध्येच अँड्रॉइडला एक वेगळी खोली काढून देते, आणि वॉल्व्हचे ‘लेप्टन’ त्यावरच बेतलेले आहे. आभासी वास्तवात या सर्वांची कसोटी लागते. पडदा सेकंदाला नव्वद चित्रे दाखवीत असेल तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम अकरा मिलिसेकंद येतात. दुभाषा तेवढ्यात बोलून मोकळा झाला नाही तर खेळणाऱ्याला भोवळ येते.

मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात न्यायमूर्ती टॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये वस्तुस्थितीविषयक जे निष्कर्ष नोंदविले, त्यांत या प्रकरणाचे मर्म सापडते. ग्राहक ऑपरेटिंग सिस्टीमसाठी ऑपरेटिंग सिस्टीम घेत नाही, तीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी घेतो. सॉफ्टवेअर लिहिणारा जिथे ग्राहक जास्त तिथे जातो, आणि जिथे सॉफ्टवेअर जास्त तिथेच पुन्हा ग्राहक जातो. त्या वेळी विंडोजसाठी सत्तर हजारांहून अधिक सॉफ्टवेअर उपलब्ध होती. आयबीएमच्या ओएस/२ साठी ऐन भरातही सुमारे अडीच हजार. या चक्रात सापडणे म्हणजे काय, हे मराठी मुद्रणव्यवसायाला वेगळे सांगावयास नको. पेजमेकरची २००१ मधील सातवी आवृत्ती ही अखेरची ठरली. तरीही युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळविलेला मजकूर वाया जाऊ नये म्हणून एखादा जुन्या विंडोजचा संगणक कोपऱ्यात जिवंत ठेवणारे छापखाने अजून आहेत.

हे चक्र भेदावयाचे तर विंडोजच्या एपीआयचीच प्रतिकृती उभारावी, हा मार्ग न्यायमूर्तींनी विचारात घेतला होता आणि तो अव्यवहार्य ठरविला होता. प्रतिस्पर्ध्याने जुन्या मागण्यांची सोय पुरी करावी, तोवर मायक्रोसॉफ्टने नव्या मागण्यांची भर घातलेली असावयाची, असा त्यांचा तर्क होता. त्या काळी तो बिनचूकच होता. पुढल्या वीस वर्षांत मात्र तो लटका पडला, आणि तो कशामुळे पडला हे समजून घेण्याजोगे आहे.

वाइनचे काम १९९३ मध्ये सुरू झाले. अलेक्सांद्र ज्युलियार हे १९९४ पासून त्याची धुरा वाहत आहेत. पहिली पूर्ण म्हणता येईल अशी आवृत्ती जून २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे तब्बल पंधरा वर्षांनी! कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात एवढ्या विलंबाचे काम तगून राहिले नसते. सार्वजनिक वस्तूंच्या बाबतीत जी अडचण क्रमिक पुस्तकांत सांगितली जाते तीच येथे होती: लाभ सर्वांचा, खर्चाला पुढे येणारा कोणी नाही. विलंब झाला तरी काम वाया गेले नाही, याचे एक कारण मायक्रोसॉफ्टच्याच स्थितीत होते. जुनी सॉफ्टवेअर मोडली तर ग्राहक बिथरतील, म्हणून त्या कंपनीला जुन्या मागण्या वर्षानुवर्षे जशाच्या तशा सांभाळाव्या लागतात. ज्या जुन्या भांडवलावर मक्तेदारी उभी, तेच भांडवल पाठलाग करणाऱ्याला स्थिर लक्ष्य पुरवीत राहिले.

दुसरे कारण पैशाचे, आणि तो परोपकारातून आला नाही. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ सोबत स्वतःचे सॉफ्टवेअरचे दुकान थाटले, तेव्हा वॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल (जे पूर्वी मायक्रोसॉफ्टमध्येच होते) यांनी ती संगणकव्यवसायावरची आपत्ती असल्याचे उघडपणे सांगितले. वॉल्व्हचे ‘स्टीम’ हे खेळ विकण्याचे मोठे दुकान. ते दुसऱ्याच्या जागेत चालते आणि जागामालकच शेजारी दुकान काढू पाहतो, हे त्या आपत्तीचे खरे स्वरूप. प्रथम वॉल्व्हने २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी ‘स्टीम मशीन्स’ बाजारात आणून पाहिली. खेळ लिहिणाऱ्या कंपन्यांनी लिनक्ससाठी वेगळे लिहावे ही त्यांत अपेक्षा होती. कोणी फारसे लिहिले नाही. तेव्हा ऑगस्ट २०१८ मध्ये वॉल्व्हने वाइन व डीएक्सव्हीके यांना एकत्र बांधून ‘प्रोटॉन’ पुढे केले, आणि खेळ लिहिणाऱ्यांची मनधरणी करण्याचे सोडून दिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळावयाचे यंत्र ग्राहकांच्या हाती पडू लागले. २०२५ च्या अखेरीस वॉल्व्हच्याच पाहणीत लिनक्सवर स्टीम वापरणाऱ्यांचा वाटा तीन टक्क्यांच्या थोडा वर दिसतो. आकडा लहान आहे खरा. पण मक्तेदाराच्या वागणुकीला वेसण घालण्यासाठी ग्राहक प्रत्यक्ष निघून जावे लागत नाहीत, ते जाऊ शकतात एवढे त्याला दिसावे लागते.

या साऱ्यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. १९९२ मध्ये आयबीएमने ओएस/२ ची दुसरी आवृत्ती काढली, ती विंडोजची सॉफ्टवेअर उत्तम चालवी. परिणाम असा झाला की ओएस/२ साठी वेगळे लिहिण्याचे कोणाला कारणच उरले नाही. २०१३ मध्ये ब्लॅकबेरीने आपल्या नव्या फोनमध्ये अँड्रॉइडची ॲप चालविण्याची सोय केली. २०१५ मध्ये ती कंपनी स्वतःच अँड्रॉइडचा फोन विकू लागली. जोसेफ फॅरेल व गार्थ सॅलोनर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९२ मधील एका निबंधात हीच शंका सिद्धान्ताच्या पातळीवर मांडली होती: परिवर्तक उपलब्ध झाल्याने बाजाराची स्थिती सुधारण्याऐवजी बिघडूही शकते. दुभाष्यावर भागते म्हटल्यावर सर्वांनी एक भाषा शिकण्याची निकड संपते, आणि अर्धवट संवादावरच समाज समाधान मानतो.

लिनक्सच्या बाबतीत हा आक्षेप निम्माच लागू पडतो. आयबीएम व ब्लॅकबेरी यांना स्वतःची भाषा विकावयाची होती. ती कोणी बोलेना तेव्हा त्यांचा व्यापार बसला. लिनक्सला काही विकावयाचे नाही, म्हणून ते बुडण्याचेही भय नाही. मात्र उरलेला निम्मा आक्षेप खरा आहे. पूर्वी लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्ती काढणाऱ्या काही खेळकंपन्या आता प्रोटॉनवर हवाला ठेवून मोकळ्या होतात. म्हणजे विंडोजवाचून खेळ खेळता येतो, परंतु खेळ कसा लिहावा याचे व्याकरण मायक्रोसॉफ्टच ठरवीत राहते. फॅरेल व सॅलोनर यांच्या त्याच निबंधात आणखी एक निष्कर्ष आहे आणि त्याचा उल्लेख क्वचितच होतो. एखादे तंत्र एकाच कंपनीच्या हाती असेल तर परिवर्तन महाग करून ठेवण्यात त्या कंपनीचे हित असू शकते. आजच्या परिस्थितीवर अधिक प्रकाश पडतो तो या दुसऱ्या निष्कर्षाने.

आभासी वास्तवाच्या क्षेत्राकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. फेसबुकने २०१४ मध्ये ऑक्युलस ही कंपनी घेतली. पुढल्याच वर्षी ऑक्युलसने लिनक्स व मॅकसाठीचे काम स्थगित केल्याचे जाहीर केले. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी’ नावाची व्यवस्था उभी केली, एचपी, एसर, लेनोवो, सॅमसंग यांनी तिच्या भरवशावर हेडसेट विकले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती व्यवस्था बंद करण्याचा निर्णय प्रसिद्ध झाला. २०२४ मधील विंडोज ११ च्या आवृत्तीतून ती काढूनच टाकण्यात आली. भिंगे शाबूत, पडदे शाबूत, तारा शाबूत. फक्त वरून आलेल्या एका निर्णयाने ग्राहकाचा माल निकामी! यांपैकी काही हेडसेट लिनक्सवरील ‘मोनाडो’ या खुल्या प्रकल्पामुळे काही अंशी चालविता येतात, ते कोणा कंपनीच्या कृपेने नव्हे. अशीच दुसरी गोष्ट अँड्रॉइडची. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोजवर अँड्रॉइडची ॲप चालविणारा स्वतःचा दुभाषा आणला आणि ५ मार्च २०२५ रोजी त्याचा आधार काढून घेतला. मालकाच्या पगारावरचा दुभाषा मालकाच्या एका नोटिशीने घरी बसतो. वेड्रॉइड अधिक ओबडधोबड असेल, पण त्याला अशी नोटीस देणारा कोणी नाही.

खुले मानक असेल तर दुभाष्याचे काम पुष्कळ हलके होते, हेही या क्षेत्रात दिसते. ख्रोनोस या उद्योगसंघाने २०१९ मध्ये ‘ओपनएक्सआर’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, हेडसेट कोणाचाही असो, खेळाने त्याच्याशी एकाच रीतीने बोलावे हा तिचा हेतू. क्वेस्ट हे हेडसेट विकणाऱ्या मेटानेही ती स्वीकारली आहे. तथापि भाषा एक झाली म्हणून दुकान खुले होत नाही. मेटाच्या दुकानातून घेतलेला खेळ ‘हा खरा गिऱ्हाईक आहे ना’ अशी विचारणा मेटाच्याच सेवेकडे करू शकतो, आणि तेथे ओपनएक्सआरचा काही इलाज चालत नाही. मेटाने या विभागावर २०२० नंतर साठ अब्ज डॉलरांहून अधिक तोटा सोसला आहे. एवढा तोटा सोसणारी कंपनी तो कधीतरी कोणाकडून तरी वसूल करू पाहणार, हे उघड आहे.

मग वॉल्व्हला तारणहार मानावे काय? तसे मानण्याचे कारण नाही. स्टीमवर खेळ विकणाऱ्याकडून वॉल्व्ह तीस टक्के कापून घेते. २०१८ पासून एक कोटी डॉलरांवरील उत्पन्नावर पंचवीस व पाच कोटींवरील उत्पन्नावर वीस टक्के अशी सवलत आहे, पण ती बड्यांना. लहान खेळकर्त्याला पूर्ण जकात भरावीच लागते. एका नाक्यावरून सुटून दुसऱ्या नाक्यावर अडण्याचाच हा प्रकार म्हणावा लागेल. वाइन, डीएक्सव्हीके, फेक्स या तिन्ही प्रकल्पांत वॉल्व्हचा पैसा आहे आणि उद्या तो आटू शकतो. परंतु एक मोठा फरक लक्षात घ्यावयास हवा. हे सर्व काम खुल्या परवान्यांखाली झालेले आहे. वाइनचा परवाना तर २००२ पासून असा आहे की वाइनमध्ये केलेली सुधारणा वितरित करणाऱ्याने ती सर्वांना खुली करावी. वॉल्व्हने उद्या हात आखडता घेतला तरी आजवर लिहिले गेलेले तिला परत नेता येणार नाही. लाभाच्या हेतूने खणलेली विहीर गावाच्या मालकीची झाली, असे क्वचितच घडते. येथे ते घडले आहे.

एपीआयची भिंत अशी खचू लागल्यावर मक्तेदारीने दुसरी भिंत उभारली आहे, आणि ती भाषेची नाही, ओळखपत्राची आहे. गूगलच्या ‘प्ले इंटिग्रिटी’ या सेवेद्वारे ॲपला विचारता येते की आपण ज्या यंत्रावर चालत आहोत ते गूगलने प्रमाणित केलेले आहे काय. वेड्रॉइड हे प्रमाणित नाही आणि होण्याची शक्यताही दिसत नाही. ॲप त्यावर तांत्रिकदृष्ट्या निर्वेध चालू शकत असते, तरी ते चालण्याचे नाकारते. खेळांच्या जगात हीच भूमिका फसवणूक-प्रतिबंधक सॉफ्टवेअर बजावते. त्यांतील दोन प्रमुख उत्पादनांनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी सोय करून दिली. पण ती वापरावी की नाही हे खेळाच्या मालकावर सोडले. ‘एपेक्स लेजंड्स’ हा खेळ लिनक्सवर व्यवस्थित चालत असता ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच्या मालकांनी लिनक्सच्या खेळाडूंना दार बंद केले. कारण सांगितले गेले ते फसवणुकीचे. दुभाषा कितीही निष्णात असो, ‘तू दुभाषा आहेस म्हणूनच आत येऊ नकोस’ असे म्हटल्यावर त्याचा इलाज खुंटतो.

यात मक्तेदारांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नव्हे. स्पर्धेत लबाडी करणारे असतात. पैशाच्या व्यवहारात तर सावधगिरी अटळच आहे; यूपीआयची नोंदणी फोनमधील सिमकार्डाशी बांधलेली असते, आणि ठकबाजीचे सध्याचे प्रमाण पाहता ती बांधणी सैल करा असे कोणी जबाबदार मनुष्य सांगणार नाही. परंतु यंत्र सुरक्षित आहे की नाही हा एक प्रश्न, आणि ते एका विशिष्ट कंपनीच्या अटी मान्य करणाऱ्या निर्मात्याचे आहे की नाही हा सर्वस्वी निराळा प्रश्न. कित्येक वर्षांत सुरक्षेची एकही दुरुस्ती न मिळालेला जुना फोन मूळचा प्रमाणित असल्यास साधी तपासणी उत्तीर्ण होऊ शकतो, आणि कालपर्यंतच्या दुरुस्त्या असलेले लिनक्स नापास होते. सुरक्षेच्या नावाखाली येथे मोजले जाते ते दुसरेच काही.

गंमत अशी की ज्या गूगलच्या हाती आज हे ओळखपत्राचे अधिकार आहेत, तिचे अँड्रॉइड दुसऱ्याच्या भाषेची नक्कल करूनच उभे राहिले. जावा या भाषेच्या एपीआयमधील सुमारे साडेअकरा हजार ओळी तिने जशाच्या तशा घेतल्या, ओरॅकलने त्यावर दावा लावला, आणि ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी ही नक्कल न्याय्य वापरात मोडते असा निर्णय दिला. तो निर्णय योग्यच होता. प्रश्न एवढाच की जो न्याय चढताना मागितला, तो मागून येणाऱ्याला नाकारण्याची मुभा कितपत असावी.

भारतीय कायदा या बाबतीत वाटतो तितका मागासलेला नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(एबी) नुसार, स्वतंत्रपणे लिहिलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती अन्य मार्गाने सहज मिळत नसेल, तर ती मिळविण्याकरिता आवश्यक ती कृती कायदेशीर वापरकर्त्याने केल्यास हक्कभंग होत नाही. दुभाष्याच्या धंद्याला याहून स्पष्ट अभय क्वचितच मिळेल. उणीव आहे ती स्पर्धाविषयक कायद्याच्या अंमलबजावणीत. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि अनेक निर्देश दिले. मार्च २०२३ मध्ये अपीलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण चार निर्देश रद्द केले. प्ले सर्व्हिसेसचे एपीआय प्रतिस्पर्ध्यांना नाकारू नयेत, हा निर्देश त्या चारांतलाच. वृत्तपत्रांतील मथळे दंडाच्या रकमेला मिळाले. एवढ्या बलाढ्य कंपनीला दंड म्हणजे एखाद्या वर्षाचा खर्च. निर्देश म्हणजे कायमचे दार. त्या दाराविषयी मात्र फारसे लिहिले गेले नाही.

न्यायालयांचा निवाडा यथाकाल होईल. तोवर शासनाच्या हाती असलेली गोष्ट साधी आहे. ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण केंद्र सरकारने २०१० मध्येच स्वीकारले, आणि २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे. ॲपने यंत्राकडे प्रमाणपत्र मागावे की नाही हा प्रश्न २०१० मध्ये उद्भवलाच नव्हता; आज शिष्यवृत्तीपासून शिधापत्रिकेपर्यंत बरेच काही ॲपकडे सरकत असता तो टाळता येणार नाही. सार्वजनिक पैशातून तयार होणारे कोणतेही ॲप ब्राउझरमधूनही वापरता यावे, आणि जेथे यंत्राची खातरजमा खरोखरीच आवश्यक असेल तेथे ती एका कंपनीच्या यादीवरून न करता हार्डवेअरमधील किल्लीवरून करावी. अँड्रॉइडमध्येच अशी सोय आहे, आणि तीत गूगलखेरीज अन्य प्रणालींच्या किल्ल्याही मान्य करण्याचा अधिकार ॲप चालविणाऱ्या संस्थेकडे राहतो. एवढे एक कलम निविदेच्या मसुद्यात घालण्यास नवा कायदा लागत नाही. २०१० च्या धोरणाला एक पुरवणी जोडली तरी पुरे.